मिस्त्रींच्या झोपेचा बंदोबस्त

देशातली आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती आमच्या बिल्डिंगमध्ये आली. आणली आक्कांनी, आणि तीही निव्वळ माणुसकीपोटी.

बिल्डिंग तीन मजली. राहणारे बहुतेक कोल्हापूरच्या पेठांतल्या बैठ्या घरांतून आलेले. स्वतःचा ब्लॉक झाला म्हणून सगळे खूश होते, पण आपली फरशी हे खालच्याचं छत असतं, ही गोष्ट अजून कुणाच्या डोक्यात शिरली नव्हती. तानाबाईंनी तर येताना जुन्या घरातलं दगडी उखळ आणलं. दोन हमालांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं आणि पाणीसुद्धा न पिता पळ काढला. आणखी काही चढवायला सांगतील, ही भीती.

तानाबाईंच्या बरोबर खाली शमशुद्दीन मुजावर राहायचा. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर, म्हणून काहीजण त्याला मिस्त्री म्हणायचे. त्याला रात्रपाळी लागली होती ती काही केल्या सुटत नव्हती. सकाळी तो घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकायचा, नेमकी तेव्हाच बिल्डिंग अंगात आल्यासारखी जागी व्हायची. जिन्यावरून हंडा गडगडायचा. गॅलरीतून कुणीतरी भाजीवालीला कोथिंबिरीचा भाव विचारायचं आणि भाव ऐकला की तिचं खानदान काढायचं. दार आपटायचं, बादली वाजायची, कार्टं रडायचं. डोळा लागायचा आणि उघडायचा.

शेवटी एका पाळीत तो डोळा चालू मशीनवर लागला. बाही लेथच्या गरगर फिरणाऱ्या चकमध्ये गेली. सदरा विरलेला होता म्हणून टरकन फाटला. नवा असता तर हात गेला असता.

फोरमन म्हणाला, "मिस्त्री, पुढल्या टायमाला सदरा असाच जुना असंल ह्याची काय ग्यारंटी?"

सकाळी ती लोंबणारी बाही त्याच्या बायकोनं, जुलेखानं, बघितली. नवऱ्याला आत निजवलं आणि शेजारच्या दारात गेली. तिथं आक्का एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय सगळ्यांत जास्त, आणि आवाज मळ्याच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या गड्याला हाक मारण्यात तयार झालेला.

"आक्का, ह्यांना झोपच मिळंना झालीया," जुलेखा म्हणाली. "एक दिवस हात जाईल मशीनीत."

"अगं मग आधी न्हाय का सांगायचं?" आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तशाच उठून गॅलरीत गेल्या, एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. "ए, ऐका गं समद्या! शमशुद्दीन झोपलाय! कुणी आवाज करायचा न्हाय!"

शमशुद्दीन अंथरुणात उठून बसला.

त्या दिवसापासून बंदोबस्त सुरू झाला. सोसायटीचे चेअरमन हंबीरराव पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटातली शिट्टी बाहेर काढली. जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं की ते शिट्टी मारून त्याला गप्प करायचे. रेडिओ बंद झाले. चपला हातात धरून माणसं जिना चढू लागली. तानाबाईंची वर्षाची चटणी कांडायची राहिली होती. मिरच्या वाळून, भाजून डब्यात भरून पडल्या आणि उखळावर पोतं घातलं गेलं.

आणि बोलणं आलं कुजबुजीवर. घोटाळा झाला तो इथंच. कोल्हापुरात माणूस हळू बोलला, की तो एक तर आजारी असतो, नाहीतर समोरून बघणाऱ्याला वगळून त्याच्याच घरचं बोलत असतो. चांगलं बोलायला आवाज कशाला खाली घ्यायचा? चार दिवसांत बिल्डिंगमधलं प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे डोळे बारीक करून बघू लागलं.

एका दुपारी तानाबाई जिना उतरत होत्या. खाली शमशुद्दीनच्या दारात आक्का आणि जुलेखा तोंडाला पदर लावून बोलत होत्या, आणि मध्येच वर बघत होत्या.

"काय कुजबुजालाय?" तानाबाईंनी विचारलं. तेही कुजबुजूनच, नियम म्हणून.

"नळाचं," आक्का कुजबुजल्या. "तुमचा नळ ठिबकतोय, त्याचं."

"नळाचं बोलायला तोंडावर पदर कशाला लागतोय?"

"आवाज व्हायला नको म्हणून."

"मला शानपणा शिकवू नका. माझ्या पोरीचं जयसिंगपूरचं ठरलेलं लगीन मोडलं, त्येच बोलत हुतासा!"

"मोडलं?" आक्कांना हे नवीन होतं, त्यामुळे त्यांचा मूळचा आवाज परत आला. "कवा मोडलं गं?"

बिल्डिंगमधली सगळी दारं उघडली. ज्यांना मोडलेलं ठाऊक नव्हतं त्यांना ते कळलं, आणि तानाबाईंचा तोल गेला. मग कुणी कुणाबद्दल केव्हा कुजबुजलं ह्याचा मागचा सगळा हिशेब निघाला. हंबीररावांनी शिट्टी फुंकली, तरी ती कुणाला ऐकू गेली नाही. शेवटी जास्त आवाज कोण करतं ह्यावर गाडी आली, तेव्हा चेअरमन म्हणाले की ह्याचा निकाल ज्याची झोप जाते त्यानंच द्यावा. आणि त्यांनी शमशुद्दीनचं दार ठोठावलं.

"मिस्त्री! झोपला असलासा तर झोपा. पर आधी एवढं सांगून झोपा, आवाज कुणाचा जास्त?"

दार उघडलं. लुंगी, बनियन आणि लाल डोळे. शमशुद्दीननं चौकटीला हात लावला, तोल जाऊ नये म्हणून.

"चेअरमन, आवाजाचं काय न्हाय," तो म्हणाला. "कारखान्यात एकसारखा हातोडा पडतोय, त्याच्या शेजारच्या बाकड्यावर जेवणसुट्टीत मी घोरतो. ह्या समद्यांच्या गप बसण्यानं मला झोप येईना. कुणी शिंकलं तरी वाटतंय, आता ह्याला कोणतरी माझ्यासाठनं गप करणार. त्याचीच वाट बघत पडतोय." मग तो तानाबाईंकडे वळला. "वैनी, तुमच्या मिरच्या हायत का अजून?"

"हायत की. तुमच्यापायीच पडल्यात."

"मग कांडा. आत्ताच्या आत्ता."

"टोमणा मारताय व्हय?"

"टोमणा मारायला अंगात जीव लागतोय, वैनी."

तानाबाई रागातच वर गेल्या, उखळावरचं पोतं ओढलं आणि जयसिंगपूरच्या मंडळींवर काढायचा तो राग मिरच्यांवर काढला. धप, धप, धप. खालच्या छताचा चुना शमशुद्दीनच्या उशीवर पडला. जुलेखा पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत तो घोरत होता.

हंडा गडगडला, पोरगं रडलं. सगळं त्या धपधपीखाली झाकून गेलं. ठसक्यानं दुसरा मजला खोकून खोकून बेजार झाला, पण तोही खोकला खाली पोचला नाही. घाम पुसायला तानाबाई थांबल्या, तर खालून जुलेखाची हाक आली, "वैनी, कूस बदलली! थांबू नका!"

हाताला गोळे आले तेव्हा तानाबाईंच्या हातातलं मुसळ आक्कांनी घेतलं. एकमेकींशी बोलणं बंदच होतं, तरी त्या आळीपाळीनं कांडत राहिल्या. चटणी संपली, मग हळकुंडं आली, मग कुणाकुणाचे धणे. उन्हं कलली तेव्हा शमशुद्दीन उठला, अंघोळ केली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ताठ चालत पाळीला गेला. सकाळी दोन्ही हातांसकट परत आला.

तोवर चेअरमननी घराघरांच्या कांडायच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. देखरेखीचं अवघड काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

आठवडा गेला. सगळ्या बिल्डिंगची चटणी झाली, हळद झाली, न लागणाऱ्या वस्तूंचंसुद्धा पीठ झालं. बायकांचे दंड चढले, डोळे खोल गेले. आक्कांनी मनगटाला तेल चोळता चोळता जिन्यातून खाली हाक मारली.

"जुलेखा, ह्याला दिवसपाळी कधी मिळणार हाय गं?"

"दिवाळीनंतर बघू म्हणालाय फोरमन."

आक्कांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग तानाबाईंकडे न बघताच म्हणाल्या, "वत उखळात, काय उरलंय ते," आणि मुसळ उचललं.