फूमाने पाठ केलेली दोन वाक्यं

नीवेस व्लाचिच सात भाषांत गायली. त्यांतल्या चार तिला बोलताही येत नव्हत्या. ओळी कानांनी टिपायच्या, कागदावर आपल्या लिपीत उतरवायच्या आणि अशा म्हणायच्या की रोममधल्या बायकांनी डोळे पुसावेत. ओपातियाच्या गाण्यांच्या महोत्सवात एकोणिसाव्या वर्षी ती पहिली आली, त्याच उन्हाळ्यात म्युनिकच्या एका कंपनीने तिला उचललं. मग पुढली पन्नास वर्षं तिथेच. रेकॉर्डी, दौरे, दोन नवरे, मूल नाही.

मागे गावी, लाबिनला राहिली थोरली बहीण फूमा. बाप खाणीत काम करून करून छातीच्या दुखण्याने गेला. फूमा कापडाच्या कारखान्यात लागली आणि आईला सांभाळत राहिली.

आई गेली तेव्हा नीवेस स्पेनमध्ये होती. फूमाने तार केली. नीवेस पोचली ती माती देऊन दोन दिवस झाल्यावर. अंगात पांढरा कोट, हातात विमानतळावर घेतलेली फुलं. फूमा फाटकातच उभी होती. दोन महिन्यांचं जागरण होतं, आणि त्या कोटाकडे बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला आलीस? शेवटच्या श्वासापर्यंत दाराकडे डोळे लावून होती तुझ्यासाठी."

हे खोटं होतं.

आईने वाट पाहिलीच नव्हती. उशाशी रेडिओ होता, आणि ती दोनदा म्हणाली होती, "तिला कळवू नकोस गं. गाऊ दे तिला." फूमाला ते तेव्हा झोंबलं होतं. हगणं-मुतणं काढायचं हिने, आणि कौतुक त्या रेडिओतल्या पोरीचं!

नीवेस फुलं फाटकाला टेकवून निघून गेली. नाताळला कार्ड यायचं, एवढंच. फूमाने कितीदा तरी कागद पुढ्यात घेतला, पण दर वर्षी ते लिहिणं आणखी अवघड होत गेलं.

सत्तरीला टेकलेली नीवेस एका मार्चमध्ये दोन बॅगा घेऊन परत आली. दुसरा नवरा वारला होता, आवाजही गेला होता. "ठेवून घेशील का?" तिने विचारलं. "घर तुझंही आहे," फूमा म्हणाली आणि मानेश्त्राचं सूप गरम करायला आत गेली. दोघी रोज एकत्र जेवत. पाऊसपाणी, टोमॅटोची रोपं, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन सगळं बोलून व्हायचं. आईचा विषय निघाला की एक जण उठून ताटं गोळा करायची.

जूनमध्ये नीवेस अंगणात कोसळली. पुला शहरातल्या इस्पितळात ती शुद्धीवर आली, उजवा हात लुळा पडलेला, आणि बोलू लागली ती फक्त जर्मन. आपली बोली नाही, इटालियन नाही. फूमा बोलायची तेव्हा ती नुसती तोंडाकडे बघायची.

"होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "परत येईलही. सांगता येत नाही."

फूमाला जर्मन येत होतं ते उन्हाळी पाहुण्यांना खोली भाड्याने देण्यापुरतं. खोली, नाश्ता, टॉवेल. नीवेसला घरी आणल्यावर शेवटी तिने शेजारच्या झ्वानेला गाठलं. तो तीस वर्षं श्टुटगार्टला कारखान्यात राबून आलेला. तो रोज दहाला यायचा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, सूपात मीठ कमी आहे."

"बोलता येईना तरी खोड काही जात नाही!" फूमा म्हणाली, पण मीठ आणायला उठली.

ऑगस्टमध्ये दुसरा झटका आला. त्यानंतर नीवेस थोडंच बोलायची. एके दिवशी झ्वाने परत निघाला तेव्हा फूमाने त्याला ओट्यावर बसवलं, मालवाझिया वाइन ओतली आणि फाटकातल्या त्या खोट्याची गोष्ट सांगून टाकली. झ्वानेने पेला रिकामा केला.

"एवढंच ना? चल, आत्ता सांगतो तिला."

"नको. मी सांगणार. तू मला शिकव."

"अगं, तुझी जीभ वळेल का या वयात?"

"वळवीन."

दोन वाक्यं होती: आई तुझी वाट बघत नव्हती. ती म्हणाली, तिला गाऊ दे. फूमाने ती खोल्यांच्या पावत्यांच्या मागे आपल्या अक्षरात लिहून घेतली. आठ दिवस ती भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना पुटपुटत होती. झ्वाने कुंपणापलीकडून ओरडायचा, "तो 'र' घशातून काढ, दातांतून नको!"

नवव्या दिवशी सकाळी तिने नीवेसचे केस विंचरले, समोर खुर्ची ओढली आणि वाक्यं म्हटली. एकदा चुकली, पुन्हा म्हटली.

नीवेसचे ओठ हलले. तिने ते दुसरं वाक्य हळूच, बरोबर उच्चारून म्हटलं, पोरीचा धडा सुधारावा तसं. मग डावा हात पुढे आला, फूमाचं मनगट धरलं, आणि ती बोलू लागली. इतकं ती महिन्यात बोलली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मध्येच ती हसली की कण्हली हेही फूमाला कळेना.

"थांब, थांब गं, झ्वानेला बोलावते!" फूमा म्हणाली. पण मनगट सुटेना, आणि ओढून घ्यायचा तिला धीर झाला नाही. झ्वाने त्या दिवशी दात काढायला राबाकला गेला होता. तो दुपारी आला तेव्हा नीवेस झोपली होती.

"काय म्हणाली? आठव."

"'मूटर' होतं त्यात. आई ना? आणि श्पे... श्पेट की श्पील असं काहीतरी."

"श्पेट म्हणजे उशीर. श्पील म्हणजे खेळ."

"माहीत नाही रे. भराभर बोलत होती."

त्याने नंतर नीवेसला दोनदा विचारून पाहिलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पंधराव्या दिवशी ती गेली.

माती द्यायला झाग्रेबहून रेडिओवाली एक मुलगी आली होती. तिने अदबीने विचारलं, "मावशी, शेवटी काही म्हणाल्या का त्या?"

"म्हणाली ना," फूमा म्हणाली. "पुष्कळ म्हणाली. जर्मनमध्ये."

आणि झ्वानेचा दंड धरून ती दफनभूमीचा उतार उतरू लागली.