समासातली लेकरं

"ही एकोणचाळीस मुलं आणली कुठून, सिंधुबाई?"

शिरसाठ सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फॉर्मांचा गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला. सिंधुबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती. नाशिकच्या त्या कॉलेजात ती पहिल्यांदाच आली होती, आणि हरसूलच्या वाटेची लाल माती अजून तिच्या टाचांना होती. पाय तिनं खुर्चीखाली ओढून घेतले.

"आनली नाय सर. आयांनी सांगितली."

"आयांनी सांगितलं ते इथं छापील चौकटीत आहे. प्रश्न चौदा. मुले किती झाली, त्यांपैकी हयात किती. झाली चार, हयात चार. झाली तीन, हयात तीन. एकशे चाळीस घरं, सगळीकडे तेच. आणि शेजारी समासात तुमची पेन्सिल. 'भिकनच्या आधी दोन.' 'कचरूच्या आधी एक.' हा प्रश्न विचारायला कुणी सांगितला होता?"

सिंधुबाईनं पल्लवीकडे पाहिलं. पल्लवी सरांची विद्यार्थिनी. हरसूलकडच्या पाच पाड्यांतल्या बालमृत्यूंवर तिची पीएच.डी. चालली होती. उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या पाच पाड्यांचे मृत्यू होते अवघे सहा. सहाच, म्हणून पाड्यांसाठी वेगळ्या नर्सची गरज नाही, असा शेरा मारून अर्ज दोनदा परत आला होता. नोंदवही खरी बोलते का, हे पल्लवीला पाहायचं होतं. घरोघरी फिरायला तिनं खैरपाड्याची अंगणवाडी सेविका हाताशी धरली होती. सातवी शिकलेली, सोळा वर्षं नोकरी झालेली, आणि प्रत्येक चुलीचा धूर ओळखणारी सिंधुबाई.

"सर, मीच म्हटलं होतं, लिहून ठेवा म्हणून," पल्लवी पुढे झाली. "छापील प्रश्नाला बायका बोलतच नव्हत्या."

"नाय बोलनार," सिंधुबाई म्हणाली. "गेलेल्याचा आकडा तोंडानं काढायचा नाय, असं हाय आमच्याकडं. आकडा काढला की ते वाट वळखून मागं येतं. आन् जाताना येकटं जात नाय."

"मग तुम्ही कसा काढला आकडा?"

"मी आकडा नाय इचारला. मी म्हनलं, बाय, पोराचं नाव भिकन काहून ठेवलं?"

सर ऐकत होते, तसा तिला जरा धीर आला.

"आमच्याकडं मंगळवारचा तो मंगळू, बुधवारचा बुधा. त्यात काय दडलेलं नसतं. पन आधीची गेली आसली, की मंग नाव वंगाळ ठेवायचं. कचरू, उकिर्डी, दगडू, भिकन. म्हंजी नेनाऱ्याला वाटावं, हे काय कामाचं नाय. आकड्याला बंदी हाय सर, नावाच्या गोष्टीला नाय. ती बाई नावाची गोष्ट सांगाया लागली, की आधीची आपोआप येत्यात."

"आणि एखाद्याचं नाव नुसतंच आजोबांचं असलं तर?"

"हाय ना. वरच्या आळीतला भिकन. आज्याचं नाव. तिथं मी काय नाय लिवलं, बघा."

सरांनी तो फॉर्म खरंच काढून पाहिला. समास कोरा होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"सिंधुबाई, तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण संशोधनात प्रश्न सगळ्यांना एकसारखा जावा लागतो. तुम्ही गोष्ट विचारणार, बाई रडणार, आणि रडता रडता एकाचे दोन होणार. परीक्षकांना मी काय सांगू? गुरुवारी मी स्वतः येतो. दहा घरं. छापील प्रश्न मी विचारणार, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"आणि तेव्हाही बायका गप्प राहिल्या तर?" पल्लवीनं विचारलं.

"तर समास खोडायचा. चौकटीत असेल तेवढंच प्रबंधात जाईल."

खोडायचा. पाटीवरचं पुसावं इतक्या हलक्या हातानं ते बोलले. जिना उतरताना सिंधुबाईला ती एकोणचाळीस एकेक करून आठवत राहिली. कुणी दहाव्या दिवशी गेलेलं, कुणी दात येता येता, कुणी आईच्या अंगावर पिता पिता.

स्टँडवर तिचा लेक उभा होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो कंत्राटदाराकडे राखेच्या कामावर होता. केसांच्या मुळाशी ती करडी राख कायमची बसलेली. चोवीस वर्षांचा झाला, तरी आईला बघून तो अजून आधी हसायचा आणि मग बोलायचा.

"आई, हे राजपत्राचं. नाव बदलायचा अर्ज." त्यानं खिशातून घडी काढली. "कायम व्हनाऱ्यांची यादी निघतीये. त्याच्या आत झालं पायजे. एकदा भिकन म्हनून चढलो, की रिटायर होईपर्यंत भिकन. तिथं समदे मला सुनीलच म्हनत्यात."

"थांब जरा."

"चार वर्सं झाली, थांबच म्हनतीस. साहेब हजेरी घेतो, भिकन म्हनला की पोरं वाडगा पुढं करत्यात. माग रे भिकन, म्हनत्यात. अगं, तुज्या सहीची गरज नाय. पन तू नगं म्हनशील तर मी नाय करायचा. काहून नगं, तेवढं तर सांग."

सिंधुबाईनं त्याच्या केसांतली राख झटकली. ती काही निघाली नाही.

"गाडी लागली," ती म्हणाली, आणि चढली.

काय सांगणार? त्याच्या आधी दोन लेकी झाल्या होत्या. थोरली अकरा दिवसांची होऊन गेली, धाकटी सात महिन्यांची. त्यांचा दाखला नाही, फोटो नाही, उपकेंद्राच्या वहीत ओळ नाही. धाकटी तर नुकती रांगायला लागली होती. शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर तिचा तळवा उमटला, तो सिंधुबाईनं दोन पावसाळे सारवला नव्हता. मग तोही गेला. त्या दोघी या जगात येऊन गेल्या, याची आता एकच खूण उरली होती. लेकाचं नाव. ते बदललं की त्या झाल्याच नाहीत.

पल्लवीच्या फॉर्मांतही त्या नव्हत्या. सर्वेक्षण करणाऱ्याचं घर मोजायचं नाही, असा नियम होता.

गुरुवारी कॉलेजची जीप खैरपाड्यावर आली. नागली काढून झाली होती, अंगणं पेंढ्यानं पिवळी पडली होती. सर दाराशी पायताण काढत, खाली बसत, पाणी मागून पीत. चुकीचं काहीच करत नव्हते. छापील प्रश्न तेवढ्याच मऊ आवाजात वाचत. आणि प्रत्येक दारात पदर तोंडाशी जाई, नजर सिंधुबाईला शोधी, आणि उत्तर येई, "झाली तीन. हायेत तीन."

सिंधुबाई ओठ मिटून उभी. एका दारात तर ती बाई तिला म्हणालीच, "सिंधू, आज तू मुकी काहून झाली गं?"

नऊ घरं झाली. नऊ ठिकाणी सरांनी शून्य लिहिलं. लिहिताना त्यांना आनंद होत होता असं नाही.

दहावं घर कुसाबाईचं. कुसाबाई पाड्याची सुईण. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. ती ओटीवर वाल सोलत बसली होती. लहानथोर सगळ्यांना ती 'अरे-तुरे'च करायची. सरांनी विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती झाली?"

"दोन."

"त्यातली हयात किती?"

"दोन. कचरू हाय इथंच. मंगळू गेलाय दिंडोरीला, द्राक्षाच्या बागंत."

सरांनी दहावं शून्य लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पल्लवी जीपकडे बघत होती. सिंधुबाईनं ओटीचा खांब धरला.

"तुजं इचारून झालं?" कुसाबाईनं शेंग मोडली. "आता मी इचारू येक? तुजं नाव काय रं दादा?"

"शिरसाठ."

"ते घराचं झालं. आयनं काय ठेवलं?"

"डी. एस.," सर म्हणाले. त्यांच्या दारावर पितळी पाटीवर तसंच होतं, डॉ. डी. एस. शिरसाठ. दोन वर्षांत पल्लवीनंही त्यापुढचं विचारलं नव्हतं.

"हे काय आय ठेवती का? आय हाका काय मारीत हुती?"

जीपचा ड्रायव्हर विडी विझवून ऐकायला लागला. सरांनी फॉर्मांचा गठ्ठा उगीचच नीट केला.

"दगडू," ते म्हणाले.

कुसाबाई हसली नाही. तिनं वालाचं सूप बाजूला सरकवलं आणि हात पदराला पुसले.

"चांगलं नाव. टिकलास बघ. मंग तुज्या आधी कोन कोन परत गेलं?"

परसातली कोंबडी ओटीवर चढली, वाल टिपून गेली. सर समोरच्या डोंगराकडे बघत होते, पण डोंगर त्यांना दिसत नसावा.

"तीन," ते म्हणाले. "मावशीनं सांगितलं, मी कॉलेजात असताना. आई कधीच बोलली नाही."

"आन् असा कागद घिऊन तिच्या दारात कोनी आलं आसतं, तर काय बोलली आसती?"

सरांनी टोपण काढलं, परत लावलं.

"म्हणाली असती, झाला एक, आहे एक."

"मंग? तिला खोटी म्हनशील?"

सर उठले. पुन्हा जोडे घालताना त्यांना नाडी सापडेना. ती बांधून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, "सिंधुबाई, आता तुम्ही विचारा. तुमच्या पद्धतीनं. पण दहाही घरी, आणि माझ्यासमोर. नाव आजोबांचं निघालं, तर शून्य म्हणजे शून्य."

"व्हय सर."

कुसाबाईपासूनच सुरुवात झाली. कचरूला उकिरड्यावर कसा ठेवला, शेजारणीनं कसा उचलला, आणि मूठभर नागली देऊन कुसाबाईनं तो परत कसा मागून घेतला. त्याच वाटेनं मग उलट्या क्रमानं नऊ घरं. बायका बोलत होत्या, रडल्या फारशा नाहीत. एकीला तर नावाची गोष्ट सांगताना हसूच आवरेना, आणि ते हसू कुठं संपलं ते तिलाही कळलं नाही. सर एका कडेला बसून लिहीत राहिले. उन्हं कलली तेव्हा त्यांनी बेरीज केली. त्या दहा घरांच्या समासात सिंधुबाईची सात लेकरं होती. सरांच्या कागदावर आठ निघाली.

"एक कमी लिहिलं होतंत तुम्ही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हीच माफी होती, आणि सिंधुबाईला ती पोचली.

जीप हरसूलच्या वळणाला लागली तेव्हा पल्लवीनं विचारलं, "सिंधुबाई, तुमच्या मुलाचं नाव भिकन ना?"

सिंधुबाई बाहेर बघत राहिली.

"मी दोन वर्षं तुमच्या घरी जेवले हो. एकदाही विचारलं नाही."

"माजं घर तुमच्या नमुन्यात नाय ताई. नियम हाय."

पुढच्या सीटवरून, मान न वळवता, सर म्हणाले, "फॉर्म भरा. वेगळं घर म्हणून खाली टीप देऊ."

पल्लवीनं कोरा फॉर्म मांडीवर घेतला. जीप हिसके देत होती, पेन जागेवर राहत नव्हतं. चौदाव्या प्रश्नाशी ती थांबली, आणि तिनं छापील ओळ वाचली नाही.

"सिंधुबाई, भिकन नाव का ठेवलंत?"

एकशे चाळीस दारांत ती हे विचारत आली होती. तिला कुणी विचारेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. ती सांगू लागली. पाच घरची जुनी फडकी मागून आणली, त्यांची झबली शिवली, नवं कापड अंगाला लावू दिलं नाही. का नाही, तर थोरलीला नवं घातलं होतं. आणि धाकटीला तिच्या मामानं लाल टोपरं आणलं होतं. लाल, गोंड्याचं. सांगता सांगता एका जागी तिचा हात आपोआप वर आला आणि हवेतच एवढ्याशा डोक्याची गोलाई धरून राहिला. पल्लवीनं चौकटीत लिहिलं, दोन.

दीड वर्षानं पल्लवी प्रबंधाची प्रत घेऊन अंगणवाडीत आली. काळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, वर सोनेरी अक्षरं. नर्सच्या जागेचा अर्ज त्याच्या जोरावर तिसऱ्यांदा गेला होता, उत्तर यायचं होतं. पुस्तक सगळं इंग्रजीत. शिरसाठ सरांनी पहिल्या पानावर मराठीत लिहिलं होतं, 'सिंधुबाईंस.' खाली सही होती, नेहमीच्या दोन अक्षरांची नव्हे. पूर्ण नावाची.

पल्लवीनं पान काढून दिलं. अक्षरं सिंधुबाईला लागली नाहीत, आकडा लागला. बेचाळीस. आधीची एकोणचाळीस, गुरुवारी सापडलेलं एक, आणि दोन. तिनं आकड्यावर बोट ठेवलं. मग पुस्तक खणाच्या कापडात बांधून, पोषण आहाराच्या पेटीवर, उंदीर पोचणार नाहीत असं ठेवलं.

पुढच्या आठवडी बाजाराला लेक हरसूलला आला. यादी लांबली होती, अजून निघायची होती.

"तो राजपत्राचा कागद हाय का रं?" तिनं विचारलं.

"हाय. काहून?"

"टाक करून."

तो बघत राहिला. "आता कसं गं?"

"आता त्यांचं दुसरीकडं लिवलंय," ती म्हणाली. कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही. आईच्या तोंडाकडे पाहून त्याला ते विचारवलं नाही.

परतीची एस.टी. लागली, तसा तो गर्दीत घुसला. तो दाराशी पोचला तेव्हा सिंधुबाईच्या ध्यानात आलं, नागलीच्या पापडांची पिशवी आपल्याच हातात राहिली. तिनं तोंड उघडलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा शब्द जिभेवर आला, तो तिनं मागं घेतला.

"सुनील!"

एक-दोघांनी वळून पाहिलं. तो वळला नाही. त्या आवाजात ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पुन्हा हाक मारली.