बाईंचा घोडा

मी वॉकर. चार पाय असूनही या घरात सगळ्यात कमी चाललेला. ऐकायला फुरसत असेल तर सांगतो. माझ्याकडे तर वेळच वेळ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, वाकवल्या, पायांत रबरी बुचं घातली, वर मऊ मुठी बसवल्या, की झालो मी. बारसं नाही, लाड नाहीत. तिथून थेट दुकानात. औषधांच्या मोठ्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, चाकाच्या खुर्चीशेजारी, मी उभा असायचो. आमच्याकडे कुणी हौसेने येत नाही. लोक चेहरा पाडून येतात, घाईघाईने घेतात आणि जाताना सामान दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं दाखवत निघून जातात. चप्पल घेताना माणूस चार वेळा पायात घालून बघतो. आम्हाला कुणी नीट धरूनही बघत नाही.

ज्याने मला घेतलं त्याने मात्र बघितलं. खाली बसून माझे स्क्रू तपासले, रबर नखाने कोरून पाहिलं, सगळा भार टाकून मला हलवून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो साहेब, वॉकर आहे, विमान नाही!" साहेब हसला नाही. तो एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. हेल्मेट घाला, तिकडे जाऊ नका, त्याला हात लावू नका, हे दिवसभर लोकांना सांगणं हीच त्याची नोकरी. त्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं अपघात झाला नव्हता आणि त्याबद्दल त्याला ढालही मिळाली होती. ती घरी टीव्हीच्या शेजारी ठेवलेली आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कदर करणारा माणूस मिळाला. काय भोळा होतो मी!

त्याची आई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. उभा जन्म मैदानावर गेलेला, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूससुद्धा ताठ उभा राहावा. भाजी घेऊन येताना फुटपाथच्या कडेवरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली, बाई घरी आल्या आणि पलंगाला खिळल्या.

मला पलंगापाशी आणून उभं केलं तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय आणलंस? घोडा?"

"वॉकर आहे, आई."

"घोडाच आहे. बघू, दौडतो का."

तेव्हापासून माझं नाव घोडा. आयुष्यात मिळालेलं एकमेव नाव, तेही चेष्टेने ठेवलेलं, पण मला ते आवडलं.

दोन दिवसांनी थेरपिस्ट आली. तरणीताठी मुलगी, पाठीला सॅक, घरात येताच बूट काढून मोज्यांवर वावरणारी. "आजी, कशा आहात?" म्हणाली.

"आजी मी घरच्यांची. तू मला बाई म्हण."

मुलीने हसून कान पकडला. मग माझ्याकडे वळली आणि कपाळावर हात मारला. साहेबाने माझी उंची स्वतःच्या कमरेला लावून ठरवली होती! तिने बाईंना धरून उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि माझी मूठ त्यांच्या मनगटाशी येईल इतका मला खाली घेतला. साहेब बघत होता. आपलं काही चुकलं हे त्याला सहसा ऐकवत नाही, पण आईसाठी त्याने ते ऐकून घेतलं.

नंतर ती घरभर फिरली. ही वायर उचला, हे टीपॉय बाजूला घ्या, संडासात धरायला दांडी बसवा. संडासाच्या दारात एक जाड, गुबगुबीत पायपुसणं होतं. "हे आजच उचला," ती सुनेला म्हणाली, "वॉकरचा पाय यात अडकणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. पायपुसणं उचललं गेलं आणि आठवड्याच्या आत परतही आलं, कारण ओली पावलं घरभर उमटायला लागली. सून बँकेत नोकरीला. दमून आल्यावर तिने लादी पुसायची तरी किती वेळा? मी तिला दोष देत नाही. पण ते पायपुसणं मला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होतं, एवढं खरं.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्या मुलीला हळूच विचारलं, "खरं सांग पोरी. संडासला जाताना मला कुणाला हाक मारायची नाही. एवढं होईल का? बाकी मला काही मैदान मारायचं नाही."

"होईल. पण मी आठवड्यातून दोनदाच येणार. उरलेले दिवस तुम्हीच तुमच्या बाई."

या प्रश्नामागे काय होतं ते मला माहीत होतं. सकाळी सून बँकेत जायच्या गडबडीत पलंगावरच शौचाला द्यायचं भांडं घेऊन यायची. ती कधी तक्रार करत नसे, फक्त मान वळवून उभी राहायची. ती वळलेली मान बाईंना सहन होत नव्हती. म्हणून त्या चहा अर्धाच प्यायच्या, पाणी नुसतं ओठाला लावायच्या. घरच्यांना वाटायचं, म्हातारपणात तहानच कमी होते.

मग सुरू झाली आमची कवायत. पडल्या पडल्या टाच ओढून गुडघा वाकवायचा. खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आणि मग मी. आधी घोडा पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. बाई स्वतःच्याच पायावर ओरडायच्या, "ए डावा! शेवटच्या रांगेतल्या कार्ट्यासारखा रेंगाळतोस काय? उचल!" घाम निथळायचा, माझ्या मुठी ओल्या व्हायच्या, पण त्या थांबायच्या नाहीत. कधी दुखणं असह्य झालं की माझ्यावर डोकं टेकून रडायच्या. कुणी आलं की डोळे पुसून म्हणायच्या, "घोडा हट्टी आहे मेला."

साहेबानेही हात आखडता घेतला नाही. कमोडवर उंच सीट आली. भिंतीत दांडी त्याने स्वतः ड्रिलने बसवली आणि तिच्यावर स्वतः लोंबकळून पाहिली. मायेत तो कुठेच कमी नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला खलनायक ठरवाल आणि स्वतः मोकळे व्हाल.

एका सुट्टीच्या सकाळी सगळे बाहेर चहा पीत होते. बाईंनी मला ओढला, उठल्या आणि कुणालाही न सांगता निघाल्या. आधी मी, मग दुखरा, मग चांगला. दार लागलं. थोड्या वेळाने पाणी सोडल्याचा आवाज बाहेर गेला. दार उघडून आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलगा आणि सून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"काय बघताय? कुणी संडासला गेलेलं कधी पाहिलं नाही?"

त्या दिवशी त्यांनी पूर्ण कप चहा घेतला आणि वर आणखी मागितला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ. त्यानंतर कित्येक दिवस भांडं पलंगाखालीच राहिलं आणि सुनेच्या आणि बाईंच्या गप्पा पुन्हा रंगायला लागल्या.

मग जे व्हायचं ते झालं. एका दुपारी संडासातून परत येताना माझा पुढचा पाय त्या पायपुसण्यात रुतला. मी पुढे सरकलोच नाही, बाई मात्र सरकल्या. दांडी हाताशी होती म्हणून आपटल्या नाहीत, घसरत खाली बसल्या. खरचटलंसुद्धा नाही. उठता मात्र येईना. त्या जमिनीवर बसून मला म्हणाल्या, "आज घोडा अडला." सून बँकेतून अर्ध्या तासासाठी जेवण द्यायला आली तेव्हा बाई तशाच बसलेल्या होत्या आणि भिंतीला टेकून पायाचा व्यायाम करत होत्या.

सुनेने नवऱ्याला फोन केला. तो कारखान्यातून धावत आला. आईला पलंगावर निजवलं, हातपाय चाचपले, डॉक्टरांना बोलावलं. सगळं ठीक निघालं. आणि मग त्याने ते केलं जे त्याला येत होतं. चौकशी. जागेचे फोटो काढले. पाय कुठे होता, हात कुठे होता, वेळ काय होती, सगळं आईला विचारलं. शेवटी कारण सापडलं. मी. वॉकर हाताशी नसता तर आई उठली नसती, आणि उठली नसती तर पडली नसती. हिशेब चोख होता. कारखान्यात मशीन अशीच बंद करतात.

मला उचलून गॅलरीत ठेवलं. पायपुसणं जागेवरच राहिलं.

बाई आधी हसल्या, मग चिडल्या. "अरे, माझ्या मैदानावर शेकड्यांनी पोरं पडली. गुडघे फुटले, हात मोडले. एकाचाही खेळ मी बंद केला नाही."

"ती पोरं होती, आई. तुझं हाड परत मोडलं तर?" त्याने आईचा हात धरला. "तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

बाईंनी त्याचा हात थोपटला. त्या तिथे हरल्या.

थेरपिस्टने फोनवर परोपरीने सांगितलं. असं थांबवू नका, पायातली ताकद वाळूसारखी निसटते, घसरणं होतच असतं, पायपुसणं काढा. "थोडे दिवस विश्रांती घेऊ दे, मग कळवतो," साहेब म्हणाला. त्याने कळवलं नाही.

माझ्या जागी नवी वस्तू आली. गादीखाली घालायची एक पातळ पट्टी. माणूस उठला की ती मुलाच्या फोनवर वाजते. सोबत भिंतीवर कॅमेरा, बोलणारा. पट्टीवर माझा राग नाही. आई उठली हे कळावं, कुणीतरी जवळ येऊन उभं राहावं, यासाठी ती बनवलेली. इथे ती वाजली की भिंतीतून मुलाचा आवाज यायचा, "आई, बस. खाली बस. हात काढ तिथून." शाळाभर हुकूम सोडणारी बाई भिंतीचा हुकूम ऐकून खाली बसायची. पुढे पट्टी वाजेनाशी झाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

भांड्याचीही गरज उरली नाही. डायपर आले. पहिल्या दिवशी सून तो लावायला लागली तेव्हा बाईंनी पदर तोंडावर घेतला आणि काम होईपर्यंत काढला नाही. गॅलरीच्या जाळीतून मला ते दिसलं. मला डोळे मिटता येत नाहीत, हा आमच्या जातीला शाप आहे.

दिवस गेले. माझ्यावर टॉवेल वाळत पडायला लागले. पुढे बाईंच्या पाठीला जखम झाली, गुडघे सरळ होईनात, तेव्हा सुनेनेच घाबरून त्या मुलीला बोलावलं. तीच सॅक, तेच मोजे. तिने पांघरूण बाजूला केलं आणि दोन्ही गुडघे हाताने चाचपून पाहिले. मग म्हणाली, "वॉकर आणा."

टॉवेल काढून मला आत नेलं. बाईंनी माझ्या मुठी धरल्या. हात अजून ओळखीचे होते. मुलीने कमरेला आधार दिला, "चला बाई, एक, दोन..." मी सगळं बळ एकवटून घट्ट उभा राहिलो. पण माझ्यावर भार आलाच नाही. ज्या पायांतून तो यायचा त्या पायांत काही उरलंच नव्हतं. दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा बाईंनीच मान हलवली.

साहेब दारात उभा होता. अपराध्यासारखा दिसत होता, पण बोलल्यावाचून त्याला राहवलं नाही. "मी काळजीत कुठे कमी पडलो नाही हो. तेव्हापासून ती एकदाही पडली नाहीये."

थेरपिस्टने त्याच्याकडे बघितलंही नाही. बाईंनी बघितलं. रागाने नाही. हरलेल्या पोराकडे बघावं तसं.

"पडू द्यायचं होतंस रे मला," त्या म्हणाल्या.

तो तिथून निघून गेला. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता.

आज शेजारचे गृहस्थ मला न्यायला आलेत. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय. साहेबाने मला पुसून स्वच्छ केलं, स्क्रू घट्ट केले आणि त्यांच्या हवाली करताना काळजीने सांगितलं, "जरा जपून हं. एकट्यांना वापरू देऊ नका. शक्यतो त्यांच्या हाताला लागेल असा ठेवूच नका."

"छे छे, कपाटामागे ठेवू," शेजारी म्हणाले.

मला तोंड असतं तर मी तिथे बोंब ठोकली असती. ते नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरात माझा कुणी भाऊ असेल तर त्याला कपाटामागून काढा. पलंगाला खेटून उभा करा. वाटेतलं पायपुसणं फेका. आणि तुमचं माणूस उठायला लागलं की जवळ जाऊन उभे राहा, हात लावू नका. भीती वाटेल. वाटू द्या. ती तुमची आहे, तुम्ही सोसा.

शेजाऱ्यांनी मला उचललं. माझे पाय दाराच्या चौकटीला लागून खणकले. आवाज आतपर्यंत गेला असावा.

"कोण आलंय रे?" आतून बाईंनी विचारलं.

"कुणी नाही, आई," साहेब दारातूनच म्हणाला. "तू उठू नकोस."