दुंब्याची चरबी

यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा साडेनऊ उमटला. "छान! आज रक्त चढवायला नको," लॅबवाल्या मुअत्तर आपा म्हणाल्या.

झुलखुमोरनं लेकीकडे पाहिलं. मांडीवरच्या ओयदिनचे ओठ खडूसारखे पांढरे होते. जन्मापासूनच्या थॅलेसेमियानं पोरीच्या अंगात रक्त टिकतच नसे.

"आपा, रागावू नका. सकाळी सासूबाईंनी हिला दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी वितळवून पाजली. पियालाभर. रक्त वाढावं म्हणून."

"रक्त नव्हे गं माये, आकडा वाढला!" आपांनी रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून उजेडात धरली. रक्तावर साठलेलं पाणी चरबीनं दुधासारखं गढूळ होतं. त्यानंच यंत्र फसलं होतं. ते काढून, तेवढंच सलाईन घालून त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वासात.

"सासूच्या धाकानं गप्प बसली असतीस तर?" म्हणत आपा रक्ताची पिशवी आणायला धावल्या.

झुलखुमोरनं ओयदिनची बाही वर सरकवली.