समासातलं प्रश्नचिन्ह

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असं मी एकदोघांना सांगितलं होतं, पण ते खोटं होतं. ते शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश मी रोज उघडतो.

पत्र लिहिणारा माझ्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याला सगळे जुळारीच म्हणत. त्याने जुळवलेली पानं तपासायचं काम माझ्याकडे होतं. बोलण्याआधी मी अडखळतो, म्हणून त्याने माझं नाव स्वल्पविराम ठेवलं आणि पुढे शिपायापर्यंत सगळे मला तेच म्हणू लागले. मला ते आवडायचं. तसं कुणाला कधी बोललो नाही.

एका डॉक्टरांचं लहान मुलांच्या आजारपणावरचं पुस्तक छपाईला आलं होतं. एका औषधाचं माप 'दीड चमचा' असं जुळवलेलं मी पाहिलं. हस्तलिखित काढलं. तिथे अर्ध्याच्या आकड्याआधी पेनाचा एक फराटा होता. तो एकचा आकडा होता की नुसता फराटा, कळत नव्हतं. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मग वाटलं, डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना विचारणारा मी कोण? खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्ह पुसून टाकलं.

माप अर्धाच चमचा होतं. पुस्तक विक्रीला जाण्याआधी डॉक्टरांच्याच लक्षात आलं म्हणून बरं, कुणाचं वाईट झालं नाही. पण सगळ्या प्रती रद्दीत गेल्या. मालकांनी मी तपासलेलं प्रूफ मागवलं, समास कोरा होता. "तपासणाऱ्याला शंका आली नाही म्हणजे हस्तलिखित स्वच्छ होतं," असं ते म्हणाले आणि जुळाऱ्याला काढलं. मी त्याच खोलीत उभा होतो.

बऱ्याच वर्षांनी त्याचं हे पत्र आलं. 'प्रिय स्वल्पविराम, राग नाही. एकच विचारतो. त्या पानाच्या समासात काहीतरी पुसल्यासारखं मला दिसलं होतं. तुम्ही तिथे काही लिहिलं होतं का? तेव्हापासून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवलेला नाही.'

या पत्राबद्दल मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण माझी भाची माझ्याकडे राहायला आली.

धाकट्या बहिणीची ही मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात. जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असतो. ती चित्रं हलवायला, म्हणजे ॲनिमेशन, शिकते. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. "चित्रं हलवायला चार वर्षं? हात हलवायला शिकली असती तर घरातली भांडी तरी झाली असती," ही माझी बहीण. भिंगरी एका विषयात गेल्या वर्षी नापास झाली होती. हालचालीची आखणी आणि वेळ, असा तो विषय. यंदा पुन्हा नापास झाली तर संस्थेतून नाव कमी होणार होतं, आणि आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "सामान घेऊन सरळ घरी ये."

"मॅडम म्हणतात, माझं सगळं एकाच वेगाने पळतं," तिने मला सांगितलं. "म्हणतात, तुझ्या चित्रातली माणसं विचारच करत नाहीत."

यंदाची परीक्षा म्हणजे वीस सेकंदांची फिल्म. एक म्हातारी सुईत दोरा ओवते. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा दोरा आत जातो आणि 'टिंग' असा आवाज येतो. बस, एवढंच. आवाजाची पट्टी मॅडमनी आधीच दिलेली, टिंग सतराव्या सेकंदाला सुरुवातीलाच. चित्राने आवाजाला गाठायचं. आधी कागदावर वेळ बांधायची आणि मगच कॅमेऱ्यापाशी जायचं, हा त्यांचा नियम.

माझ्या शर्टाची तुटलेली बटणं मीच शिवतो, त्यामुळे म्हातारीचं काम माझ्याकडे आलं. मी खुर्चीत सुई घेऊन बसायचो आणि भिंगरी समोर स्टॉपवॉच धरून.

"मामा, तू तिसऱ्यांदा ओवायच्या आधी थांबतोस. का?"

"थांबतो?"

"तीन सेकंद. नुसता सुईकडे बघत बसतोस."

"सॉरी. पुन्हा करू?"

"अरे, नको! सॉरी काय, हेच तर हवंय मला!"

आखणीचा तक्ता ती हाताने आखायची. एका ओळीत एक क्षण, आणि त्या क्षणी कोणतं चित्र दाखवायचं त्याचा आकडा. एका सेकंदाला बारा ओळी, वीस सेकंदांना दोनशे चाळीस. तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकाच चित्राचा आकडा सहा ओळींत लागोपाठ होता. ओळ दुबार लागली, असं म्हणून मी मोठ्या उत्साहाने तिला दाखवलं. ती आणि तिच्याकडे आलेली तिची मैत्रीण पोट धरून हसल्या.

"मामा, हे तुझं प्रूफ नाही रे! तिथे म्हातारी थांबलीय. थांबलेल्या माणसाचं चित्र तेच राहणार ना?"

शिवाय दुसऱ्या प्रयत्नात पहिल्याचीच काही चित्रं परत वापरायची असतात, कष्ट वाचतात, हेही तिने समजावलं. मी मान डोलावली. माझे कान गरम झाले होते.

गुरुवारी दुपारी तीन ते पाच अशी तिला कॅमेऱ्याची वेळ मिळाली होती. प्रत्येकाला एकदाच. शुक्रवारी फिल्म दाखवायची. बुधवारी तिने कच्च्या तक्त्यावरून स्वच्छ प्रत केली, आणि गुरुवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना सहा पानं टेबलावर पडलेली होती. मी चहाचा कप ठेवायला जागा करत होतो. खरं तर बघणार नव्हतो.

शेवटच्या पानावर ओळी दाटीवाटीने आखलेल्या होत्या. बाकी पानं ऐसपैस, हेच एक कोंबलेलं. मजकूर कुठेतरी वाढला की शेवटचं पान असं दिसतं, हे मी चाळीस वर्षं पाहिलेलं आहे. मी मागे गेलो. तिसऱ्या पानाच्या तळाशी एकाहत्तर ते ब्याऐंशी असे आकडे होते. चौथ्या पानाच्या डोक्यावर पुन्हा एकाहत्तर ते ब्याऐंशी.

पान उलटताना नजर मागच्या ओळीवर पडते आणि तोच मजकूर परत उतरवला जातो. जुळाऱ्यांकडून हे हमखास व्हायचं. पण म्हातारीचा दुसरा प्रयत्नही इथेच कुठेतरी होता. हे मुद्दामच केलं असेल तर?

मी ओळी मोजल्या. दोनशे बावन्न. पुन्हा मोजल्या, दोनशे एक्कावन्न. तिसऱ्यांदा दोनशे बावन्न. तीनदा मोजून ज्याची दोन उत्तरं येतात त्याने दुसऱ्याच्या चुका काढू नयेत, असं मला वाटलं. तरी चौथ्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.

अंघोळीच्या खोलीची कडी वाजली. मला तिचं हसू आठवलं, मैत्रिणीचंही. मी प्रश्नचिन्ह पुसलं.

"मामा, माझी पानं कुठेत? तू चहा सांडला नाहीस ना?"

"नाही, नाही."

"मग असा का बघतोयस?"

"काही नाही. डबा घे."

ती चित्रांचा गठ्ठा छातीशी धरून गेली. दाराशी वळून म्हणाली, "पाया पडू का तुझ्या? आईला सांगू नकोस हं, मी घाबरलेय म्हणून."

मी टेबल पुसायला लागलो. फडक्याखाली रबराचे कण होते. करडे, वळ्या झालेले. त्या वेळीही छापखान्याच्या टेबलावर असेच होते, आणि मी ते फुंकून उडवले होते.

बसून राहिलो. दोन वाजले. मुद्दामच केलं असेल, असं मनाला समजावलं. मग बारा ओळींना एक सेकंद हा हिशेब डोक्यातून जाईना. बारा ओळी जास्त म्हणजे दोरा आत जायच्या एक सेकंद आधीच टिंग वाजणार. त्याआधी म्हातारीचा हात झटक्याने मागे येऊन तेच पुन्हा करणार. मुद्दाम केलं असतं तर एकूण ओळी दोनशे चाळीसच भरल्या असत्या ना? की मीच चुकीचं मोजलं? फोन केला. तिचा बंद होता. पुन्हा केला. पावणेतीनला चपला घातल्या.

बस मिळाली, पण मी एक थांबा आधीच उतरलो, घाईत. उरलेला रस्ता चालताना धाप लागली. संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली.

"कोणाकडे?"

"भिंगरीकडे."

"कोण भिंगरी?"

तिचं खरं नाव मला आठवेना. खरंच आठवेना.

"तुम्ही कोण?"

"मामा."

"कुणाचे?"

"ती… सुईत दोरा ओवणारी."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "शिवणकाम इथे नाही शिकवत, आजोबा." मग बहुधा त्याला माझी दया आली. "कॅमेऱ्यावर आज एक मुलगी आहे, गठ्ठा घेऊन आलेली. दुसरा मजला, डावीकडे."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दोन दिव्यांच्या मधे काच, काचेवर चित्र, वर कॅमेरा. भिंगरी आकडा वाचून चित्र ठेवत होती आणि कॅमेऱ्यावरचे काका बटण दाबत होते.

"चौऱ्याहत्तर."

खट्.

"पंच्याहत्तर."

खट्.

तिसरं पान चालू होतं. मी दारात उभा राहिलो. आत जाऊन काय बोलू? काका अनोळखी, मधेच तोंड घालू? मुद्दाम केलं असेल तर तिची माझ्यामुळे शोभा होईल. अठ्ठ्याहत्तर. खट्. हसतील, आणि मी जिना उतरून जाईन, इतकंच ना? ऐंशी. खट्. ब्याऐंशी. खट्. तिने पान उलटलं.

"एकाहत्तर."

"थांब!" मी म्हणालो.

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोललो नसेन. काकांचा हात बटणावरून उडाला.

"मामा? तू इथे? आईला काही झालं का?"

"नाही. एकाहत्तर ते ब्याऐंशी आत्ताच झाले. तू परत घेतेयस. ओळी दोनशे बावन्न आहेत. म्हणजे, मी मोजल्या तेव्हा होत्या. एकदा एक्कावन्नही आल्या. पण बावन्नच आहेत."

ती हसली नाही. पिशवीतून कच्चा तक्ता काढला आणि दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी धरले. तिचा पाय हलत नव्हता.

"अय्यो," ती हळूच म्हणाली. "काका, आता घेतलं नाही ना हे?"

"तुझ्या मामांनी माझं हृदय बंद पाडलं, बटण कसलं दाबतोय?" काका म्हणाले. "काट त्या ओळी. पुढे चल, चार वाजत आले."

तिने बारा ओळींवर काट मारली. मग पान दिव्याजवळ तिरकं धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मामा, इथे समासात तू काहीतरी लिहून पुसलंयस का?"

दिवे फार गरम होते. काका कॅमेऱ्यातून डोकं काढून माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षं मी ज्याला उत्तर दिलं नव्हतं तोच हा प्रश्न होता, जवळजवळ त्याच शब्दांत.

"हो," मी म्हणालो. "प्रश्नचिन्ह होतं. तू हसशील म्हणून पुसलं."

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "मी हसले असते तर हसले असते. तू सांगायचं की नाही?"

बाकावर बसून मी पाच वाजेपर्यंत आकडे ऐकले. दोनशे चाळिसावी खट् झाली तेव्हा काकांनी मलाच विचारलं, "बरोबर?" मी बोटांवर मोजत होतो. बरोबर होतं.

शुक्रवारी ती पास झाली. टिंग नेमकं पडलं, फक्त पहिला प्रयत्न जरा घाईचा झालाय, असं मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी विचारलं, तिसऱ्या वेळेआधीचा तो विराम कुठून आणलास? "घरात आहे एक," असं तिने सांगितलं म्हणे. बहिणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "पास झाली? मग आता भांडी मीच घासायची म्हणजे," आणि तिकडे बराच वेळ नाक ओढण्याचा आवाज येत राहिला.

शनिवारी सकाळी मी शब्दकोशातून पत्र काढलं. उत्तराचे चार कागद फाडले. सगळ्यांत माझ्याच मनाच्या अवस्थेबद्दल लिहिलं होतं, ते त्याने विचारलं नव्हतं. पाचव्यावर एवढंच लिहिलं:

'होय. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मीच ते पुसलं. मालकांसमोर गप्प राहिलो. तुमच्या डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं. उत्तराला फार उशीर केला. तुम्हाला पुढे काही विचारायचं असेल तर विचारा, या वेळी लगेच लिहीन.'

पत्ता जुनाच होता. तो तिथे राहतो की नाही, तो आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. पाकिटाच्या मागे माझा पत्ता घातला. भिंगरी बरोबर चालली. पत्र कुणाचं हे मी तिला वाटेत सांगितलं, सगळं. ती माझ्या बाजूने चालायला लागली, माझ्या वेगाने.

पेटीच्या फटीत मी पाकीट अर्धं सरकवलं. बोटं सुटेनात. 'दोषी मी' असं स्पष्ट लिहायला हवं होतं का? 'मालकांसमोर' शब्द बरोबर लिहिला का? पुन्हा एकदा उघडून पाहावं का?

"मामा," ती म्हणाली, "तीन सेकंद कधीच झाले."

मी बोटं सोडली.