बुजवलेल्या फटी

सकाळी पावणेदहाला माझा पंखा थांबला. लहान मॉडेलचे आकडे मोठ्या मॉडेलच्या आकड्यांशी जुळले नव्हते.

मित्रांनो, हे ज्याच्या पोटात घडले तो मी, एक जुना वायुबोगदा. लोक मला विंड टनेल म्हणतात. माझ्या एका टोकाला दोन माणसांच्या उंचीचा पंखा आहे, मधे एक अरुंद गळा आहे. या गळ्यात विमानाचे मॉडेल दांडीवर बसवतात आणि पंखा सुरू करतात. मॉडेल जागच्या जागी राहते, हवा त्याच्यावरून धावते. दांडीखालचा काटा सांगतो, की हवेने मॉडेलला वर किती उचलले आणि मागे किती ओढले. त्यावरून खरे विमान कसे उडेल याचा हिशेब होतो.

पण या हिशेबात एक खोट आहे आणि ती माझीच आहे. मला भिंती आहेत. आकाशाला भिंती नसतात. खुल्या आकाशात पंख हवेला खाली ढकलतात तेव्हा ती हवा लांबवर पसरत जाते. माझ्या गळ्यात तिला जायला जागाच नसते. ती तळाशी अडते, छताशी अडते आणि उलटी पंखांनाच आधार देते. त्यामुळे विमान आहे त्याहून गुणी दिसते. नाक वर करून हळू उडताना तर फारच गुणी. मॉडेल जितके मोठे, तितकी ही लबाडी जास्त. म्हणून माझ्याकडून मिळालेल्या प्रत्येक आकड्यातून भिंतींचा हा प्रभाव वजा करावा लागतो.

ज्यांनी मला बांधले त्यांना हे ठाऊक होते. त्यांनी माझ्या गळ्याच्या भिंतींना वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब फटी ठेवल्या. अडलेली हवा त्या फटींतून थोडी बाहेर सुटायची, थोडी आत यायची. फटींची रुंदी ठरवायला त्यांनी अख्खा एक हिवाळा घालवला. सुतार फळी घासायचा, पंखा चालायचा, आकडे बघून पुन्हा फळी निघायची. शेवटी असा मेळ जमला, की वजा करायला जवळजवळ काही उरले नाही. तेव्हापासून माझा लौकिक झाला. पाहुणे आले की आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा हरिश्चंद्र. खोटं बोलायचं म्हटलं तरी जमत नाही याला!"

ती थाप मला आवडायची. आता ती थाप पडली की अंगाचा तिळपापड होतो.

पुढे विमानांची कामे कमी झाली. मला सायकलस्वारांची शिरस्त्राणे तपासायला लावले. त्याचेही मला काही वाटले नसते. पण माझ्या फटींतून वारा शीळ घालायचा आणि सायकलवाल्यांना शिरस्त्राणाभोवती घोंगावणाऱ्या हवेचा आवाज मोजायचा होता. आमचा तंत्रज्ञ, सगळे त्याला पेचकस म्हणत, आत आला. त्याने प्रत्येक फट पातळ पट्टी चिकटवून बंद केली.

"तात्पुरतं आहे, साहेब," त्याने आतूनच प्रमुखांना ओरडून सांगितले. "सायकली गेल्या की काढतो."

सायकली गेल्या. त्याआधी पेचकस गेला, दुसऱ्या शहरात बढतीवर. मग वरून पाहणीला कोणी येणार असे कळले आणि रंगारी आला. त्याला जी भिंत दिसली ती त्याने रंगवली, पट्ट्यांसकट. वर दुसरा हातही दिला. आता बोट फिरवले तरी फट लागत नाही. प्रमुख पाहणीच्या दिवशी दारातून डोकावले, "वा, लखलखतंय!" म्हणाले आणि निघून गेले. त्यांचे गुडघे दुखतात. आत शिरायचे तर रांगावे लागते, आणि गेली कित्येक वर्षे ते रांगलेले नाहीत.

संगणकात मात्र माझी ओळख जुनीच राहिली: फटींची भिंत, वजावट जवळपास शून्य. आणि मी तर आता चारी बाजूंनी बंद.

अशा वेळी वहिनी आली. ती विमानाची रचना करणारी अभियंता. तिला वहिनी म्हणणारा तिचा धाकटा दीर, तो त्याच विमानाचा चाचणी-वैमानिक. त्याचे ऐकून आमच्याकडचे सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. तिचे विमान रुग्णवाहिकेचे होते. डोंगरातल्या आखूड धावपट्टीवरून रुग्ण, परिचारिका आणि भरलेली टाकी घेऊन ते उठले पाहिजे. धावपट्टीच्या टोकाला उंच झाडे. विकत घेणाऱ्यांसमोर पहिल्या तयार विमानाने हे एकदा करून दाखवायचे, तेही पूर्ण वजनासह. जमले तर तशी आणखी विमाने बनणार, नाही तर तिची सगळी वर्षे अडगळीत.

काल मोठ्या मॉडेलचे आकडे उत्तम आले. नियंत्रण-खोलीत दिराने लगेच खुर्ची फिरवली.

"वहिनी, हे विमान आहे की फुगा? मी बसलो नाही तरी उडेल!"

"तू बसल्यावर उडतंय का तेच बघायचंय," ती म्हणाली. "वजन वाढलंय तुझं."

"ते तुमच्या नवऱ्याला सांगा. स्वयंपाक तोच करतो."

ती हसली, पण तिचे समाधान झाले नाही. तिला एक चांगली सवय आहे. ती त्याच विमानाचे निम्म्या आकाराचे मॉडेलही आणते. भिंतींचा प्रभाव नीट वजा झाला असेल, तर दोन्ही मॉडेलांनी एकच गोष्ट सांगायला हवी. मोठे मॉडेल भिंतींच्या जवळ असते, लहान लांब. भिंत लबाडी करत असेल तर ती इथे पकडली जाते.

आणि आज पावणेदहाला ती पकडली गेली. लहान मॉडेल म्हणत होते, हवा विमानाला मागे जास्त ओढते आणि वर कमी उचलते. मोठ्याच्या हिशेबाने विमान झाडांवरून सहज जात होते. लहानाच्या हिशेबाने चाके शेंड्यांत अडकत होती.

मला वाटले, सुटलो!

"अहो, लहान मॉडेलचं मनावर नका घेऊ," प्रमुख म्हणाले. "लहान पंखावर हवा वेगळीच वागते. पुस्तकातच आहे ते."

"थोडी वेगळी वागते, मान्य आहे. पण एवढी? भिंतीची वजावट बरोबर लागलीय ना?"

"वजावट?" प्रमुखांना हसू आले. "बाई, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी वजावट करतोय. या बोगद्याला ती लागतच नाही. त्यासाठीच तर बांधलाय तो."

ती गप्प बसली नाही. चपला काढून, विजेरी घेऊन ती माझ्या गळ्यात रांगत आली. तिने तळावर हात फिरवला, छतावर फिरवला. तिचा हात बरोबर फटीवरून गेला. मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. नखाने एकदा खरवडले असते तर पापुद्रा निघाला असता. पण इथे फट असायला हवी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ती पाहुणी. तिने आयुष्यात पाहिलेल्या बहुतेक बोगद्यांच्या भिंती अशाच सपाट होत्या.

बाहेर येऊन ती म्हणाली, "भिंती अगदी गुळगुळीत आहेत हो तुमच्या."

"मग! दोन हात दिलेत रंगाचे," प्रमुख खुश होऊन म्हणाले.

जिने पाहिले तिला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी पाहिले नव्हते. दोघे एकमेकांपासून दोन हातांवर उभे राहून रंगाविषयी बोलले आणि चहाला गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा हा प्रकार. माझ्याने ओरडवले असते तर छत उडाले असते. पण फटी बुजवल्यापासून मला साधी शीळही घालता येत नाही.

चहानंतर तिने आणखी एक चाचणी मागितली. प्रमुखांनी नकार दिला. दुपारपासून पंखा दुसऱ्यांना दिलेला आहे, ते सामान घेऊन बाहेर ताटकळत आहेत. शिवाय मोठ्या मॉडेलचे आकडे त्यांनी सहीनिशी कालच पाठवून दिले होते, त्यावर विश्वास ठेवून घेणारे डोंगरात जाऊन बसले आहेत. "सहीवर संशय घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. वहिनी लहान मॉडेल दांडीवरून उतरवायला गेली.

मित्रांनो, मला कोणी वंगण घालावे, रंग द्यावा, अशी माझी मागणी नाही. रंग खूप झाला. माझी विनंती एवढीच, की कोणतेही यंत्र वापरण्याआधी एकदा त्याच्या आत जाऊन बघा, गुडघे दुखत असले तरी. तात्पुरते म्हणून जे चिकटवाल ते स्वतःच्या हाताने काढा. आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या घरातली साधी गोष्टही सांगा. तुम्हाला ती इतकी माहीत असते, की सांगायची राहून जाते.

साडेबाराला दिराचा फोन आला. तो सकाळीच डोंगरात पोचला होता. वहिनीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण तिचे दोन्ही हात लहान मॉडेल खोक्यात भरण्यात गुंतले होते.

"वहिनी, टाकी भरायला माणूस उभा आहे. पूर्ण भरू की निम्मी? निम्मी भरली तर ही मंडळी आत्ताच गाड्या काढून घरी जातील, एवढं सांगून ठेवतो."

"झाडं किती उंच आहेत?"

"कागदावर होती त्याच्यापेक्षा जास्त वाटतायत. झाडं वाढतात, वहिनी." तो हसला. मग थांबला. "अहो, बोला ना. तुम्ही म्हणाल तसं."

प्रमुखांनी संगणकाच्या पडद्यावर मोठ्या मॉडेलचे आकडे पुन्हा उघडले आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने खोके खाली ठेवले. बाहेर ताटकळलेल्यांपैकी एकाने दारावर टकटक केली.

फोन चालू आहे. तिने अजून उत्तर दिलेले नाही.