एका हाताचा चाकू

मी चाकू आहे, पण बाजारात टांगलेल्या चाकूंशी माझं रूप जुळत नाही. त्यांना टोक असतं, मला नाही. अर्धी भाकरी उभी धरावी तसा माझा आकार, आणि मूठ मागे नसून वर, पाठीवर. पात्यावर कानशीचे ओरखडे आहेत. एका जागी धार जराशी वाकडी जाते. ज्यानं मला घडवलं त्यानं त्याआधी आयुष्यात काहीच घडवलं नव्हतं, हे माझ्याकडे पाहताच कळतं.

मी मोहाडीला पुंडलिकरावांच्या घरी राहतो. माझी गोष्ट म्हणजे बरीचशी त्यांचीच गोष्ट. काही मी डोळ्यांनी पाहिली, काही भट्टीजवळ त्यांच्याच तोंडून ऐकली.

चाकू होण्याआधी मी ट्रकच्या कमानीतला, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमधला, एक पाटा होतो. तांदळाची पोती वाहून नेताना शहापूरच्या वळणावर तुटलो आणि भंगारातून शकुनबाईंच्या ढिगात येऊन पडलो. शकुनबाई लोहारीण. मोहाडीच्या बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली त्यांची भट्टी. तिथं मी दोन पावसाळे गंजत पडलो होतो.

पुंडलिकराव छत्तीस वर्षं कचेरीत कारकून होते. अक्षर असं की लोक आपले अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. हातात पेन सोडून दुसरं हत्यार कधी आलं नाही. घरात खिळा ठोकायचा झाला तरी त्यांची बायको पुष्पाबाई ठोकायच्या.

पुष्पाबाईंच्या हाताची चिराचिरी गावात नावाजलेली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात सांबारवडी करायची म्हटलं की शेजारणी आपापल्या जुड्या घेऊन त्यांच्याकडे यायच्या. पावशीवर बसून, म्हणजे तुमच्या विळीवर, गप्पा मारता मारता त्या ढीगभर सांबार रव्यासारखा बारीक करून द्यायच्या.

गेल्या वर्षीच्या वैशाखात त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं. काठी घेऊन चालताही यायला लागलं. डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. पावशीला दोन हात लागतात, आणि खाली बसणंही जमेना. सून रिता मनानं चांगली. सासू स्वयंपाकघरात आली की ती म्हणायची, "तुमी बसा आई, मी करते न." ती हे मायेनंच म्हणायची, पण त्या मायेनंच पुष्पाबाईंचं स्वयंपाकघर बंद झालं.

पुंडलिकरावांनी बाजारातून चाकू आणला. टेबलावर भाजी चिरायची लाकडी पाटी ठेवली, खुर्ची दिली. पुष्पाबाईंनी वांग्यावर चाकू टेकवला तर वांगं घरंगळत खाली गेलं. ते धरायला दुसरा हात नव्हता. दुसऱ्या वेळी कांदा निसटला आणि पातं पाटीवर आपटलं. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या. त्यानंतर त्या खिडकीशी बसू लागल्या. जेवण अर्धं टाकायच्या. शेजारणी येत, त्यांच्याशीही दोनच शब्द.

एका दुपारी पुंडलिकरावांनी पाहिलं, की ताटात उकडलेला बटाटा आहे आणि पुष्पाबाई वाटी उपडी धरून तिच्या काठानं तो कापताहेत. वाटी दाबायची, इकडून तिकडे डोलवायची. बटाटा हलत नव्हता, कारण वाटी वरूनच त्याला दाबून धरत होती. बटाट्याचे चार तुकडे झाले. कुणी पाहत नाही असं त्यांना वाटत होतं. पुंडलिकराव दारातूनच मागे फिरले आणि कागदावर त्यांनी माझं पहिलं चित्र काढलं.

ते चित्र घेऊन ते शकुनबाईंकडे आले. धानाची कापणी तोंडावर आली होती. भट्टीपुढे विळ्यांची रास पडलेली.

"मले मरायले फुरसत नाही, बाबूजी," शकुनबाई म्हणाल्या. "कापणी झाल्यावर या."

"तवर ती खाणं सोडून देईल," पुंडलिकराव म्हणाले.

शकुनबाईंनी हातोडा थांबवला. कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "भट्टी हाये, ऐरण हाये. तुमीच करा. मी विळे ठोकता ठोकता सांगते."

"मले तं खिळाही ठोकता येत नाही."

"मले काय पोटातूनच येत होतं का जी?"

अशी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी हातोडा लोखंडावर कमी आणि ऐरणीवर जास्त पडला. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. त्यांनी त्यावर फडकं बांधलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्यांनी आधी घडवला तो मी नव्हे, माझा भाऊ. त्याच पाट्याचा दुसरा तुकडा. आठ दिवस कानस घासून त्याला आकार आला. मग तो लाल तापवला, आणि शकुनबाई गिऱ्हाइकाशी बोलत असताना पुंडलिकरावांनी घाईनं पाण्याच्या बादलीत बुडवला. टिन्न असा बारीक आवाज झाला. बाहेर काढला तर मधोमध केसाएवढी चीर.

"हे कमानीचं लोखंड," शकुनबाई शांतपणे म्हणाल्या. "याले पाणी सोसत नाही. तेल लागते. मले इचारलं काहून नाही?"

पुंडलिकराव तो भंगलेला तुकडा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

त्या दिवशी घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. पुष्पाबाई म्हणाल्या, "रोज कुठं जाऊन राहिले तुमी?"

"बाजारात. काम असते."

"रिटायर माणसाले कायचं काम? घरी करमत नसन तं तसं सांगा. लुल्या बाईजवळ बसायले कोणाले आवडते?"

त्यांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, असं मला वाटतं. पण ज्याच्या हातून आठ दिवसांचं काम नुकतंच तडकलं, तो कुठल्या तोंडानं सांगणार? करून दाखवल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. माणसं अशीच. चांगली गोष्ट लपवतात आणि लपवताना एकमेकांना दुखवतात.

दुसऱ्या दिवशी ढिगातून मला उचललं. या वेळी प्रत्येक पायरीला ते विचारत होते. आधी मला तापवून राखेत पुरून ठेवलं, मऊ पडावं म्हणून. मग छिन्नीनं कापलं, कानशीनं घासलं. रोज थोडं थोडं, घाई न करता. पाणी द्यायच्या दिवशी, म्हणजे मला कडक करायच्या दिवशी, शकुनबाई सगळी कामं सोडून शेजारी उभ्या राहिल्या. "पिकल्या टेंभराचा नारिंगी रंग येऊ द्या. अजून. अजून. हं, आता." मी कोमट जवसाच्या तेलात शिरलो. धूर उठला. आम्ही तिघंही कान देऊन होतो. टिन्न झालं नाही.

मग मला पुन्हा हलकं शेकलं. अंगावर तणसासारखा, म्हणजे भाताच्या पेंढ्यासारखा, पिवळा रंग चढला तसा काढून घेतला. नुसता कडक चाकू काचेसारखा असतो, पडला की फुटतो. थोडी नरमाई लागतेच. हे शकुनबाईंनी त्यांना सांगितलं, मी ऐकलं.

राहिली मूठ. त्यांनी बाभळीची मूठ आपल्या हाताच्या मापानं केली, ती शकुनबाईंनी बाजूला सारली. "हात कोणाचा हाये?"

घरी जाऊन पुंडलिकरावांनी घट्ट कणकेचा गोळा पुष्पाबाईंच्या पुढे धरला. "हा जोरानं दाब."

"आता हे काय नवीन?"

"दाब तं."

त्यांनी दाबला. चार बोटांचे खळगे उमटले. तो गोळा रुमालात गुंडाळून भट्टीवर आला आणि त्या खळग्यांबरहुकूम बाभूळ घासली गेली. तीन खिळे ठोकून मूठ माझ्या पाठीवर बसली. एक खिळा वाकडा गेला, तो तसाच आहे.

आता सगळं गोड होईल असं वाटलं होतं. पुंडलिकरावांनी मला घरी नेऊन टेबलावर ठेवलं आणि ते म्हणाले, "तुझ्यासाठी बनवला. मीच."

पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे. चेहरा कठीण झाला. "लेकराले खेळणं द्यावं तसं देऊन राहिले का मले? न्या ते." आणि तोंड फिरवलं.

पुंडलिकराव मग मला तिथंच ठेवून बाहेर निघून गेले. रिता शेतावर गेली होती. घरात मी आणि पुष्पाबाई.

बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. त्यांनी खुर्ची ओढली. टोपलीतून एक कांदा घेतला. मूठ हातात घेतली आणि बोटं खळग्यांत बसताच त्या थबकल्या. कणकेचा गोळा त्यांना तेव्हा उमगला असावा. मला कांद्यावर टेकवून त्यांनी दाबलं. मी डोललो. कांदा दोन झाला आणि दोन्ही अर्धे सपाट बाजूवर पडले, कुठंही पळाले नाहीत. एका कांद्याला पाऊण तास लागला. मग त्यांनी दुसरा घेतला.

पुंडलिकराव आले तेव्हा ताटात चिरलेला कांदा होता. काही फोडी जाड, काही बारीक. पुष्पाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "धार एका जागी अडते."

"घासून देतो," ते म्हणाले आणि कानस आणायला आत गेले. बराच वेळ आतच होते.

त्याला आता वर्ष झालं. रिताला पाटीवर आता जागा करून द्यावी लागते. ती कधी कधी कुरकुरते, पण या हिवाळ्यात शेजारणी पुन्हा जुड्या घेऊन आल्या. सांबार पूर्वीइतका बारीक होत नाही. वेळही लागतो. गप्पा तेवढ्या जास्त होतात.

पुंडलिकरावांनी आता दुसरा चाकू केला आहे, सानगडीच्या ललिताबाईंसाठी. त्यांचा उजवा हात गेला आहे. तो चाकू माझ्याहून कितीतरी सुबक, ओरखडे नाहीत, खिळे सरळ. आज ते त्याच्या धारेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "चांगला झाला."

"तुमाले काय समजते?" पुष्पाबाई म्हणाल्या. "जन्मात कांदा चिरला का कधी? बसा इथं."

त्यांनी नवा चाकू बाजूला ठेवला आणि मला पुंडलिकरावांच्या हातात दिलं. छत्तीस वर्षं पेन धरलेला तो हात मुठीवर नीट बसेना, कारण खळगे त्यांचे नव्हते. "दाबा. आता डोलवा. घाई नका करू जी." पहिलीच फोड बोटाएवढी जाड पडली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुष्पाबाई हसल्या, लकव्यानंतर ओठ एकाच बाजूला जातात तशा, आणि पदरानं त्यांचे डोळे पुसून म्हणाल्या, "कांदा हाये तो. सवय होईल."

माझं मागणं फार नाही. काम झालं की मला ओला ठेवू नका, पुसून ठेवा, मी लवकर गंजतो. आणि तुमच्या घरी कुणाचा एक हात थांबला असेल, तर त्याच्या हातातलं काम लगेच काढून घेऊ नका. आधी हत्यार बदलून पाहा. तुम्हाला घडवता येत नसेल तरी चालेल. माझ्या धन्यालाही येत नव्हतं.

आता थांबतो. टेबलावर अजून अर्धा कांदा शिल्लक आहे, आणि पुंडलिकराव तो चिरणार आहेत.